बंद जवारी : सांगलीतल्या एका घरातल्या ध्वनियंत्रणेचं प्रकरण

पार्श्वभूमी

काकू बहात्तर वर्षांच्या. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, आजही सकाळी तानपुरा घेऊन तासभर बसणाऱ्या. सांगलीच्या गावभागात त्यांचं जुनं घर होतं. ऑगस्ट २०१९च्या महापुरात खालच्या मजल्यावर पाणी शिरलं. कपाटाच्या खालच्या खणातल्या चाळीसेक एलपी गाळात बुडाल्या, रेकॉर्ड प्लेअर गेला. वरच्या खणातल्या दीडएकशे रेकॉर्डी, लाखेच्या अकरा तबकड्या आणि माळ्यावर टाकलेला नव्वदच्या दशकातला देशी अॅम्प्लिफायर मात्र वाचले. स्पीकरची जोडी पाहुण्यांच्या खोलीत होती, तीही वाचली.

पुरानंतर काकू विश्रामबागेतल्या फ्लॅटमध्ये आल्या. मुलगा पुण्यात नोकरीला. त्या दिवाळीत त्याने आईसाठी पट्ट्यावर फिरणारा नवा रेकॉर्ड प्लेअर आणला, जुन्या अॅम्प्लिफायरला जोडून दिला आणि गाणं पुन्हा सुरू झालं. भिजलेल्या रेकॉर्डी काकूंनी नळाखाली धुऊन, जुन्या साडीने पुसून वाळवल्या होत्या. त्यांचा प्रकरणाशी संबंध पुढे येईल.

मी घरोघरी जाऊन ध्वनियंत्रणा लावून देतो, जुनी दुरुस्त करतो. मला फोन आला तो २०२२च्या दिवाळीनंतर. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत, आकडे मात्र माझ्या वहीतले आहेत.

तक्रार

फोन मुलाचा होता. ‘‘आवाज डल येतोय. बजेट दीड लाख. कोणते स्पीकर घेऊ?’’

मी विचारलं, आई काय म्हणतात? तो म्हणाला, ‘‘ती काहीतरी गाण्याच्या भाषेत सांगते, मला कळत नाही.’’ त्याने फोन आईकडे दिला. काकूंनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या मी जशाच्या तशा लिहून घेतल्या.

एक, ‘‘रेकॉर्डवरच्या तानपुऱ्याची जवारी बंद झालीय. आणि शेवटी द्रुत आली की ताना किरकिरतात.’’

दोन, ‘‘गाणारा समोर बसत नाही रे. भिंतभर पसरतो. आणि डग्ग्याला पोट नाही.’’

तीन, ‘‘मी रेकॉर्डबरोबर तानपुऱ्याचं मशीन लावते. पूर्वी ‘काळी एक’ पट्टीला बरोबर जुळायचं. आता बारीक बटण थोडं खाली उतरवावं लागतं.’’

ज्यांना ‘जवारी’ हा शब्द नवा आहे त्यांच्यासाठी: तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित गोलसर घासलेला असतो. तार त्याला जाता जाता शिवते आणि मूळ स्वरावर काही हजार हर्ट्झपर्यंतच्या उपस्वरांची झालर उमटते. ही झालर नीट उमटली तर जवारी खुली, दबली तर बंद. काकूंचा स्वतःचा तानपुरा मिरजेचा. जवारी काढून घ्यायला त्या दहाएक किलोमीटरवर मिरजेलाच जातात. म्हणजे ‘जवारी बंद’ हे बाईंनी सहज वापरलेलं विशेषण नव्हतं, ते निदान होतं. वरचे उपस्वर कुठेतरी अडताहेत, असं त्या सांगत होत्या. ‘डल’ या शब्दात यातलं काहीच उरत नाही.

समोर असलेले पर्याय

मुलाच्या मनात नवे उभे स्पीकर होते. पुण्यातल्या एका दुकानात ऐकून आला होता, भारावला होता. मी विचारलं, दोन्ही जोड्या सारख्याच आवाजावर ऐकवल्या का? त्याला आठवेना. आवाज एक-दोन डेसिबलने मोठा केला तरी कान त्याला ‘जास्त स्पष्ट’ म्हणतो, आणि हे दुकानदारांना माहीत असतं.

दुसरा पर्याय रेकॉर्डीच बाजूला ठेवून सगळं इंटरनेटवरून ऐकायचा. काकूंनी तो एका वाक्यात निकालात काढला. त्यांच्याकडच्या काही रेकॉर्डी त्यांना नेटवर मिळालेल्या नव्हत्या, आणि सुई ठेवण्याचा त्यांचा सकाळचा नेम होता.

तिसरा पर्याय आधीच अमलात आला होता. वर्षापूर्वी मुलाने कोणाच्या तरी सल्ल्यावरून १८,००० रुपयांची स्पीकरची वायर आणून स्वतः जोडली होती. इथे माझं मत स्पष्ट आहे. चार मीटर अंतरासाठी दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची साधी वायर जाता-येता धरून जेमतेम एक दशांश ओहम अडथळा आणते, स्पीकर आठ ओहमचा असतो. घरातल्या वायरिंगची अडीच चौरस मिलिमीटरची वायर पुष्कळ झाली. उरलेल्या पैशांत रेकॉर्डी घ्याव्यात.

चौथा पर्याय माझा: आधी दोष कुठे आहे ते शोधायचं, मग पाकीट उघडायचं. सांगायला सोपा, पण पहिल्या फेरीत मीच तो पाळला नाही.

पहिली फेरी : माझा रविवार वाया गेला

दिवाणखाना चौदा फूट लांब, दहा फूट रुंद, साडेनऊ फूट उंच. फरशी गुळगुळीत, भिंती उघड्या, टाळी वाजवली की टर्रर्र असा प्रतिध्वनी. दहा फुटी भिंतीशी शोकेस, त्याच्या माथ्यावर दोन टोकांना दोन स्पीकर. समोरच्या भिंतीला लावलेला दिवाण, आणि त्याच्या उजव्या कोपऱ्यात काकूंची ठरलेली जागा.

माझ्या पिशवीत मोजमापाचा मायक्रोफोन असतो आणि लॅपटॉपवर रूम ईक्यू विझार्ड हा फुकट मिळणारा प्रोग्राम. हत्यार हाती असलं की ते चालवावंसं वाटतं. मी सरळ मोजायला लागलो. आलेखात ६० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात मोठा खड्डा, आणि ५६ हर्ट्झपाशी एक उंचवटा. मी ठरवून टाकलं की भिंतींचा खेळ आहे. स्पीकर पुढे घेतले, मागे घेतले, तिरके केले. तीन तास. खड्डा हलला, बुजला नाही. काकूंनी दोनदा चहा केला. तिसऱ्यांदा म्हणाल्या, ‘‘अरे, तू अजून गाणं लावलंच नाहीस.’’

निर्णयाचा पहिला टप्पा : कोणती तक्रार कुठल्या यंत्राची?

पुढच्या फेरीला मायक्रोफोन पिशवीतच ठेवला. मोबाइलमधलं तानपुऱ्याचं चांगलं ध्वनिमुद्रण अॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या जोडणीतून लावलं. अॅम्प्लिफायर तोच, स्पीकर तेच, खोली तीच, फक्त रेकॉर्ड प्लेअर वगळलेला.

काकू लगेच म्हणाल्या, ‘‘ही जवारी खुली आहे.’’

नव्या स्पीकरचा प्रश्न तिथेच मागे पडला. हे स्पीकर जवारी वाजवू शकत होते. अडसर त्यांच्या आधी होता: सुई, कार्ट्रिज (सुई ज्यात बसते तो सांगाडा), नाहीतर अॅम्प्लिफायरचा फक्त रेकॉर्डसाठी असलेला भाग. मग मोबाइलवरूनच एक ख्याल लावला. गाणारा तरीही भिंतभर पसरलेलाच. म्हणजे दुसरी तक्रार रेकॉर्ड प्लेअरची नव्हती, ती स्पीकरच्या बाजूची होती. तिसरी, स्वर उतरल्याची, फक्त तबकडी फिरवणाऱ्या मोटार-पट्ट्याचीच असू शकत होती.

दहा मिनिटांत तीन तक्रारी तीन ठिकाणी जाऊन बसल्या. एक पैसा लागला नाही.

स्पीकर : उलटी वायर

दीड व्होल्टचा पेन्सिल सेल घेतला. सेलचं धन टोक वायरच्या धन टोकाला क्षणभर टेकवलं की स्पीकरचा मोठा पडदा पुढे उसळायला हवा. डावा पुढे आला. उजवा आत गेला.

त्या महागड्या वायरच्या दोन्ही शिरा दिसायला सारख्याच होत्या, खूण बारीक अक्षरांत छापलेली. मुलाने जोडताना उजवीकडे उलटापालट झाली होती. एक स्पीकर हवा ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, मग मध्यभागी गायक उभा राहत नाही आणि खालचे स्वर एकमेकांना खातात. माझ्या आलेखातला खड्डा तोच. ५६ हर्ट्झचा उंचवटाही त्यातूनच आला होता. दहा फूट रुंदीत अर्धी लाट बसते ती ५६ हर्ट्झची, आणि दोन टोकांना दोन विरुद्ध स्पीकर ठेवले की ती नेमकी झोके घेते. काकू उजव्या भिंतीलगत, म्हणजे झोक्याच्या टोकावर बसत होत्या.

तारा बदलल्या. गायक मध्यावर आला. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता. मी त्याला वायरचं सांगितलं, तो थोडा वेळ गप्प झाला. काकूंनी त्याला काहीच म्हटलं नाही, माझ्याकडे बघून हसल्या तेवढ्या.

निर्णयाचा दुसरा टप्पा : सुधारलं आणि बिघडलं

पण मग काकू म्हणाल्या, ‘‘आता डग्ग्याला पोट आलं, पण फार आलं. मनगट सरकवून मींड काढतो ना तो, मध्येच एका ठिकाणी आवाज उसळतो.’’

मुलगा लगेच, ‘‘बघ, स्पीकरच बदलायला हवेत.’’

आता मायक्रोफोन काढायची वेळ होती, कारण आता प्रश्न नेमका होता. ८० हर्ट्झवर डोंगर. चौदा फूट लांबीत पूर्ण लाट बसते तिची कंपनसंख्या ८०. दोन्ही स्पीकर एका दिशेने ढकलायला लागले तशी रुंदीची लाट शांत झाली आणि लांबीची जागी झाली. डग्ग्याची मींड ८०वरून जाताना आवाज फुगत होता. कोणतेही नवे स्पीकर आणले असते तरी या खोलीत, या जागेवर तो फुगलाच असता. मोठ्या उभ्या स्पीकरने तर खालची ४०ची लाटही जागी केली असती, जी या लहान पेट्या फारशी हलवत नाहीत.

भिंतीला जाड गाद्या लावू का, असं काकूंनी विचारलं. जाड कापडाने टाळीचा टर्रर्र जातो, डग्ग्याचा नाही. ८० हर्ट्झची लाट सव्वाचार मीटर लांब असते, ती शोषायला तिच्या चौथाईएवढी, म्हणजे मीटरभर जाड गादी लागेल.

उरलं ते बसण्याची जागा बदलणं. ही लाट भिंतीशी सगळ्यात जोरात असते आणि खोलीच्या चौथाईवर, म्हणजे मागच्या भिंतीपासून साडेतीन फुटांवर, जवळपास नाहीशी होते. दिवाण तेवढा पुढे ओढा, असं मी सुचवलं. काकूंनी साफ नकार दिला. दिवाण मध्ये आला की गॅलरीची वाट बंद, आणि दुपारी शिकायला येणाऱ्या मुली बसणार कुठे?

मला त्या वेळी वाटलं, एवढं केलं तर एवढंही करायला काय हरकत आहे. आज वाटतं, त्यांचंच बरोबर होतं. वेताची एक खुर्ची ठरली. दोन फुटी फरश्या आहेत, खुर्चीचे मागचे पाय दुसऱ्या सांध्यावर ठेवायचे, कान आपोआप साडेतीन फुटांवर येतात. ऐकायचं तेव्हा खुर्ची मांडायची, एरवी ती गॅलरीत. त्या जागी ८० हर्ट्झचा डोंगर ९ डेसिबलने खाली आला.

स्पीकर शोकेसवरून उतरवले. काचेचं शोकेस स्वतःही झणझणत होतं. वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी चौकोनी पाइपचे सव्वीस इंची दोन स्टँड करून घेतले, पाइपात वाळवलेली वाळू भरली, वरचा छोटा स्पीकर कानाच्या उंचीवर आला. मध्ये घरातलीच सतरंजी. हे काम अर्ध्या दिवसाचं, त्याबद्दल जास्त सांगण्यासारखं नाही.

स्वर का उतरला

चकतीवर बारीक रेघा असलेली स्ट्रोबची तबकडी कागदावर छापून घेतली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणून जुना ट्यूबलाइट सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. एलपीच्या मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांसाठी १८० रेघा लागतात. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. एलईडीखाली हा खेळ बहुधा जमत नाही. काकूंच्या स्वयंपाकघरात चोकवाली जुनी ट्यूब होती, म्हणून प्लेअर उचलून ओट्यावर नेला. रेघा संथपणे मागे सरकत होत्या. फेऱ्या मोजल्या, वेग सव्वा टक्क्याने कमी.

श्रुती म्हणजे स्वरांमधलं बारीक अंतर. श्रुतिशास्त्रात प्रमाण श्रुतीचं अंतर ८१/८० सांगतात, तेही सव्वा टक्काच. बाईंच्या कानाने एका श्रुतीचा फरक मशीनच्या बटणावर पकडला होता. पट्टा सैल पडला होता. नवा घातला, मोटारीचा स्क्रू किंचित फिरवला, रेघा थांबल्या.

निर्णयाचा तिसरा टप्पा : सुई कोणती

कार्ट्रिज ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेतलं, लंबवर्तुळाकार टोकाच्या सुईचं. अशा सुईचं आयुष्य निर्माता साधारण ३०० तास सांगतो. रोज तासभर धरलं तरी तीन वर्षांत हजार तास झाले होते. एका मित्राच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, टोकाच्या दोन्ही बाजूंना चपटे, चकाकणारे डाग. घासून धार आलेली सुई खाचेतल्या बारीक वळणांत शिरत नाही, आणि जवारी त्या बारीक वळणांतच असते.

पण नुसत्या तासांनी एवढी झीज? सोनाराकडून ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा छोटा काटा आणला. सुईचा भार २ ग्रॅम हवा, निघाला २.७. काकू म्हणाल्या, पुरात भिजलेल्या रेकॉर्डी अडखळायच्या म्हणून मुलाने मागचं वजन ‘जरा’ फिरवलं होतं. अडखळत होत्या त्या खाचेत सुकलेल्या गाळामुळे. म्हणजे वर्षानुवर्षं जास्त भार देऊन सुई बारीक वाळूतून ओढली जात होती. शिवाय अधूनमधून त्याच सुईने लाखेच्या तबकड्याही वाजत होत्या. त्यांची खाच एलपीच्या दोन-तीन पट रुंद, तिथे ही सुई तळाला आपटत जाते.

कार्ट्रिजचा सांगाडा तोच ठेवून त्यात मालिकेतली कोणतीही सुई बसते. तशीच घेतली तर तेव्हा साडेचार हजारांच्या आसपास, मायक्रोलिनियर, म्हणजे आणखी बारीक टोकाची घेतली तर साडेचौदा. एरवी मी स्वस्तातली सुचवली असती. इथे महाग सुचवली त्याचं कारण ख्यालाच्या बांधणीत आहे. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर वेगाने सरकते, आतल्या शेवटाला जेमतेम वीस सेंटिमीटर. तेच उपस्वर अर्ध्याहून कमी जागेत दाटून बसतात. आणि एका बाजूवर एक राग मांडला असेल तर विलंबित बाहेर येते, द्रुत आणि सगळ्या ताना आत. जिथे गाणं सगळ्यात दाट, तिथे खाच सगळ्यात हळू. बारीक टोकाची सुई नेमकी तिथे उपयोगी पडते, आणि तिचं आयुष्य निर्माता १००० तास सांगतो.

नवी सुई गाळावर घालण्यात अर्थ नव्हता, म्हणून आधी धुणं. सांगलीतल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्यामुळे बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी, त्यात भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने गोल, मग पुन्हा निव्वळ डिस्टिल्ड पाणी. लाखेच्या तबकड्यांना स्पिरिट किंवा अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते, हे काकूंच्या विद्यार्थिनींना मी दोनदा बजावलं. चार दुपारी त्या मुलींनीच एलपी धुतल्या. भिजलेल्यांपैकी एकतीस स्वच्छ वाजल्या, सहा अजून खरखरतात, तीन वाकलेल्या होत्या त्या सोडून दिल्या.

निष्पत्ती

खर्च: सुई १४,५००, पट्टा ९००, स्टँड ३,४००, धुण्याचं सामान ७००. एकूण १९,५०० रुपये, माझी मजुरी वेगळी. १८,००० रुपयांची वायर अजून तिथेच आहे, वाईट नाही, फक्त आता सरळ जोडलेली आहे.

काकूंच्या तीनपैकी दोन तक्रारी पूर्ण मिटल्या. जवारीबद्दल त्यांचं म्हणणं ‘‘खुली आहे, पण सगळ्या रेकॉर्डींची नाही.’’ ते खरं आहे. झिजक्या सुईने जास्त वाजवलेल्या काही आवडत्या रेकॉर्डींच्या शेवटच्या ताना अजून किरकिरतात. तिथे खाचच कापली गेली आहे, ती कोणत्याही सुईने भरून येणार नाही. हेच त्यांना सगळ्यात जास्त लागलं, कारण आवडत्या म्हणून त्याच जास्त वाजल्या होत्या.

मुलाने दीड लाखाचं काय करू, असं पुन्हा विचारलं. मी सहा महिने थांबायला सांगितलं. सहा महिन्यांनी त्याने विचारलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सेलची चाचणी दोन मिनिटांची. ती पहिल्या रविवारी केली असती तर तीन तास आणि काकूंचा अर्धा किलो साखरेचा चहा वाचला असता.

दुसरी चूक जास्त गंभीर. जुनी सुई काढण्याआधी तिच्यावरून एका रेकॉर्डचं ध्वनिमुद्रण करून ठेवायला हवं होतं. ते केलं नाही. वायरचा आणि खुर्चीचा फरक माझ्या आलेखांत दिसतो, सुईचा फरक मात्र आता फक्त आमच्या आठवणीत आहे. त्यातला किती सुईचा, किती धुण्याचा आणि किती भार २ ग्रॅमवर आणल्याचा, हे मी वेगळं करून सांगू शकत नाही. साडेचौदा हजारांऐवजी साडेचार हजारांची सुई पुरली असती का, या प्रश्नाला माझ्याकडे कारणं आहेत, पुरावा नाही.

अॅम्प्लिफायरचे जुने कपॅसिटर मी बदलले नाहीत. आवाजाचं बटण साफ करून सोडून दिलं. यंत्र तीस वर्षांचं, आज ना उद्या ते करावं लागेल. पण एकाच वेळी सगळं बदललं की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि त्यात माझी आधीच चूक झाली होती.

लाखेच्या अकरा तबकड्या तेव्हापासून वाजलेल्या नाहीत. याच सांगाड्यात बसणारी रुंद टोकाची सुई मिळते, पण ती लावायची तर दर वेळी सुई उपसून बदलायची, भार पुन्हा तोलायचा. काकूंचे हात आता थरथरतात. दुपारच्या मुलींपैकी एक ते शिकायला तयार आहे, सोनाराचा काटा मी तिच्याकडे ठेवून आलोय.